बिनसाखरेची हुग्गी

खपली गव्हाची खीर, म्हणजे हुग्गी, करावी ती भरतेश आचाऱ्यांनीच, असं सांगलीच्या आसपास चाळीस वर्षं बोललं जायचं. लग्नाच्या पंगतीत "अण्णा, आणखी थोडी वाढा" हे ऐकायची त्यांना सवय लागली होती. पुढे गुडघे गेले, पातेली उचलवेनात. तेव्हा बस्तीजवळच्या, म्हणजे जैन मंदिराजवळच्या, समाजमंदिरातल्या मंडळींनी त्यांना शिकवायला बोलावलं. बुधवारी आणि रविवारी तिथे स्वयंपाकाचा वर्ग भरायचा. तेल कमी, मीठ कमी, साखर अजिबात नाही. शिकायला सहावीतल्या मुलींपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळे यायचे.

पहिल्या रविवारी अण्णांनी बिनसाखरेची हुग्गी केली. लोकांनी ती मुकाट्यानं खाल्ली. एका मुलीनं आपली वाटी हळूच बाकाखाली सरकवली. ते नेमकं अण्णांनी पाहिलं.

बुधवारी सगळे भाज्या चिरत असताना त्यांनी दुधात मूठभर साखर टाकली.

"अण्णा, आज गोड कशी लागली?"

"दूध मंद आचेवर आटवायचं. त्याचीच गोडी उतरते."

सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. घरी कुणाचीच हुग्गी तशी गोड होईना. तेव्हा अण्णा म्हणायचे, "तुमची आच चुकली." वर्गात मात्र दर वेळी मूठभर साखर पडत राहिली आणि वाट्या चाटूनपुसून रिकाम्या व्हायच्या.

सगळ्यांत खूश होत्या अंबूआक्का. सत्तरी ओलांडलेल्या, वीस वर्षं मधुमेह. त्या प्रत्येक वेळी हुग्गीचा डबा भरून न्यायच्या आणि पुढचे दोन दिवस पुरवून खायच्या.

दोन महिने असे गेले. मग आक्का लागोपाठ चार वेळा आल्या नाहीत, म्हणून अण्णा त्यांच्या घरी गेले. सून दीपमाला सासूवर वैतागलेली होती. "रिपोर्ट बघा यांचा! साखर कुठल्या कुठं गेलीय. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आत्ती चोरून गोड खातात आणि कबूल होत नाहीत. मी कपाटाला कुलूप लावलंय."

आक्कांचे डोळे भरले होते. "आवं अण्णा, तुमीच सांगा हिला. तुमच्या हुग्गीत साखरंचा कण तरी असतो व्हय?"

अण्णांनी एकदा आक्कांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नसतो," ते म्हणाले.

चहा न घेताच ते निघाले. रस्त्यात ओळखीच्या कुणी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली, पण मान वर करवली नाही. घरी बायकोनं ताट वाढलं. ते त्यांनी तसंच बाजूला सरकवलं.

रविवारी वर्ग भरला तेव्हा त्यांनी शेगडी पेटवलीच नाही. उभं राहून सगळं सांगितलं. साखर, दूध आटवायची थाप, लोकांच्या आचेला ठेवलेलं नाव. कुणी रागावलं नाही. एका आजोबांनी फक्त वही उघडली आणि ती ओळ खोडली. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं.

तिथून ते सरळ आक्कांच्या घरी गेले आणि सुनेसमोर तेच बोलले. दीपमाला सासूजवळ जाऊन बसली.

आक्का म्हणाल्या, "साखर घातलीसा ते घातलीसा. पर त्या दिशी माज्या तोंडावर 'नसतो' म्हणालासा. तवापास्नं मलाच वाटाय लागलं, मीच कवातरी चोरून खाल्लं आसंल. म्हातारपणी ध्यानात ऱ्हात न्हाई."

अण्णांनी हात जोडले.

त्यांनी वर्ग सोडायचं ठरवलं होतं, पण मंडळींनी सोडू दिलं नाही. दीड महिन्यानं आक्का परत आल्या. त्यांची साखर उतरली होती. आता त्या पुढच्याच बाकावर बसतात आणि प्रत्येक पदार्थाला मोठ्यानं विचारतात, "ह्यात काय काय घातलंसा?"

अण्णा एकेक जिन्नस सांगतात. सांगताना त्यांचे कान अजूनही लाल होतात.