भाऊजींचा डावा हात

वाणी स्वतः जिना चढून वर आला, तेव्हाच मला कळलं. एरवी फोन आला की तो खालूनच हाक मारायचा. मी पेज गाळत होते. इस्पितळात सकाळी हे असायचे, दुपारी मी. दीड महिना तसंच चाललं होतं. "वहिनी, सुधाकर गेला," वाणी म्हणाला आणि दारातच उभा राहिला. मी पेज डब्यात भरली, झाकण लावलं, आणि मग लक्षात आलं की आता ती न्यायची नाही… रडू आलं नाही. फार दमले होते. त्याला आता पाच आठवडे झाले, दमणं अजून गेलेलं नाही.

सुधाकर म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी घाटकोपरच्या या खोलीत आले तेव्हा ते मुलुंडला एका औषध कंपनीत पॅकिंगला होते. सोबतचा एक जण दुबईला निघाला, त्याची जुनी गिटार ते घरी घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "झोपायला जागा नाही, आता ही एक पाहुणी!" दर रविवारी ते अंधेरीला एका गोवेकर सरांकडे शिकायला जायचे आणि आल्यावर सरांची नक्कल करून दाखवायचे. "काय रे, गिटार धरलीस की कोंबडी?" कारण भाऊजींचा डावा अंगठा गिटारची मान आवळायचा. उजव्या हाताचं काही नव्हतं, तारा छेडायचं काम तो नीट करायचा. भांडण होतं ते डाव्याशी. एक बोट तारेवर दाबलं की बाकीची हवेत उडायची, करंगळी सगळ्यात वर. ती परत खाली येईपर्यंत गाणं पुढे निघून गेलेलं असायचं. सरांनी सांगितलं होतं, मानेवरच्या चार पट्ट्यांवर चार बोटं एकामागून एक ठेवायची, ठेवलेलं उगाच उचलायचं नाही, बाकीची तारेच्या अगदी जवळ ठेवायची. घाई नाही. अगदी सावकाश.

मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण हात कळतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तांदूळ निवडताना एक डोळा इकडे ठेवा. करंगळी उडाली की ओरडा." ओरडायचं कसं? सासूबाईंसमोर मला साधं बोलायला जमत नसे. मग मी निवडलेला खडा वाटीत टाकायची. टक्. भाऊजी करंगळी खाली आणायचे. पुन्हा टक्. सासूबाई एकदा म्हणाल्या, "रेशनचे तांदूळ की खडीचा डोंगर गं हा?" भाऊजी हसून लोळले. काही महिन्यांनी वाटीचा आवाज कमी झाला. अंगठ्याचं आवळणं मात्र सुटत नव्हतं. एकदा भाकरी थापताना मी हळूच म्हटलं, "हा डावा हात बघा. नुसता कडेला असतो. दाबला तर भाकरी फाटेल." ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसले. पुढच्या रविवारी येऊन म्हणाले, "सर विचारत होते, कोणाकडून शिकलास?"

मग त्यांना मुलुंडच्या एका ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. गिटारवाला हवा होता, रविवारी वाजवून दाखवायचं. जमलं तर पॅकिंग सुटणार होतं. आठवडाभर कामावरून आले की ते गिटार घेऊन बसायचे. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते, नारळाच्या करवंटीसारखे, आणि आता त्यांना चिरा गेल्या होत्या. एकातून रक्त आलेलं मी पाहिलं. टाचांना भेगा पडल्या की आपण काय करतो, तेच माझ्या मनात आलं. शनिवारी मी गरम पाणी केलं, मीठ टाकलं, पाय घासायची वजरी आणि खोबरेल तेल घेऊन त्यांच्यासमोर बसले. "भाऊजी, द्या हात. उद्या दुखायला नको." त्यांनी वजरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं… आणि हात पुढे केला. मी चारही बोटं घासून मऊ केली. सासूबाई म्हणाल्या, "नवरीची बोटं झाली रे तुझी!"

रविवारी ते लवकर परत आले. "त्यांना दुसरा मिळाला होता, वहिनी. चहा टाका." एवढंच. पुढे पॅकिंगची नोकरी चालूच राहिली. गिटार ते घरात वाजवायचे, रोज, पण बाहेर कधी वाजवली नाही. मला वाटायचं, माणूस कंटाळला असेल.

दिवसकार्य झाल्यावर सर भेटायला आले. म्हातारे झालेत, जिन्यात दोनदा बसले. ह्यांच्याशी बोलता बोलता त्या रविवारचा विषय निघाला. सर म्हणाले, "मी गेलो होतो ना त्याच्यासोबत, माझ्यासमोर वाजवलंन. तार दाबायला बोट टिकेना. कातडी लहान बाळासारखी! मी ओरडलो, तो घट्टा म्हणजे आमची कमाई, कोणी घालवली? म्हणतो, सर, मला माहीत होतं. पण वहिनी आईसमोर कधी आपणहून काही बोलत नाही. पहिल्यांदा बोलली, तर नाही कसं म्हणू?"

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी भिंतीला टेकून बसले होते, उठून आत जायचं तर आत अशी जागाच नाही. एवढी वर्षं मी त्यांना जेवण वाढलं, इस्पितळात दीड महिना उशाशी बसले. एका शब्दाने त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी परत कधीच तोंड उघडलं नसतं, हेही त्यांना ठाऊक असणार.

सर निघाले तेव्हा ह्यांनी गिटार खुंटीवरून काढली. "तुम्हीच न्या, सर. इथे आता कोण वाजवणार?"

"ती कुठे जाणार नाही," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. हे बघतच राहिले. सासूबाईंनी मान वर केली.

सर पुन्हा बसले. "मग तारा उतरवून ठेव, बाय. ताणलेल्या राहिल्या तर मान वाकते." त्यांनी एकेक चावी फिरवून पाच तारा सैल केल्या आणि सहावीसाठी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. मी चावी फिरवत गेले. तार खाली खाली येत राहिली, मग नुसतीच लोंबली… तरी मी फिरवतच होते. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पुरे, बाय. सैल झाली ती."