खिशातला नवस

पळायच्या चड्डीला खिसा नसतो. ही मोठी अडचण आहे असं आजवर कुणाला वाटलं नसेल, पण मल्हार रुपनवरला वाटायची. म्हणून त्यानं शुक्रवार पेठेतल्या एका शिंप्याकडून चड्डीला आतून चोरखिसा शिवून घेतला. मोबाइलसाठी का, असं शिंप्यानं विचारलं. मल्हार म्हणाला, नाही, रुपयासाठी. शिंप्यानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चड्डीकडे पाहिलं, आणि शिलाई आधीच मागून घेतली.

रुपया तसा साधाच. फक्त हळदीनं पिवळा पडलेला. अकरा वर्षांपूर्वी पोलीस भरतीच्या तयारीसाठी मल्हार माळशिरसजवळच्या वस्तीवरून सोलापूरला निघाला, त्या सकाळी आईनं, म्हणजे केराबाईनं, त्याला बिरोबाच्या देवळात नेऊन उभं केलं. रुपयाला भंडारा फासला, पिवळ्या चिंधीत बांधला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि तो त्याच्या शर्टाच्या खिशात घालून वरून तळहात दाबून धरला.

"नवस बोललीया. फिटत न्हाय तवर ह्यो तुज्या अंगावनं उतरायचा न्हाय. दुसऱ्याच्या हातात द्यायचा न्हाय."

काय बोललीस, असं मल्हारनं विचारलं. तर म्हणाली, नवस सांगितला की फळत नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारायचं तरी काय होतं त्यात? बावीस वर्षांचं पोरगं पोलीस व्हायला निघालंय आणि आई देवापुढं डोळे मिटून उभी आहे. हे कोडं सोडवायला बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक लागत नाही.

शुक्रवार पेठेत सिद्धलिंगप्पांचं टॉवेल-नॅपकिनचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर अभ्यासिका. खाली गठ्ठे टॉवेलांचे, वर पोरांचे. मल्हार सकाळी कुलूप काढायचा, झाडू मारायचा, रात्री कुलूप लावायचा आणि त्या बदल्यात खिडकीजवळची खुर्ची त्याला फुकट होती. पहिली दोन वर्षं पोरं त्याला मल्ल्या म्हणायची. मग मल्हारदादा म्हणू लागली. शेवटी शेवटी 'सर' म्हणू लागली, आणि अभ्यासिकेत शिकत असताना सर होणं यासारखी वाईट बढती नाही.

चिंधी दुसऱ्याच वर्षी विरून गेली. उघडा रुपया राहिला. सकाळी पँटीत, पळताना चोरखिशात, झोपताना उशीखाली नव्हे, बंडीच्या खिशात, कारण अंगावरून उतरवायचा नव्हता. इतका जपूनही त्याचा पराक्रम बघावा तर असा: पहिल्या भरतीला गोळा दोन इंच कमी पडला. दुसऱ्या वेळी सोळाशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पाय मुरगळला. त्यानंतर तीन वर्षं जाहिरातच निघाली नाही. ती निघाली तेव्हा मल्हारला कावीळ झाली होती, आणि डॉक्टरांनी तपासताना विचारलं की पिवळं काय काय दिसतंय, तेव्हा रुपया दाखवावा की काय असं त्याला वाटून गेलं. चौथ्या वेळी मैदान उत्तम गेलं आणि लेखीत तीन गुण कमी पडले.

सिद्धलिंगप्पा माडीवर येऊन विचारायचे, "काय बे मल्हार, तुझा देव रजेवर आहे का? त्या रुपयाचं पण वय निघून जाईल की."

गंमत अशी, की रुपया चालत होता. फक्त शेजारच्या खुर्चीवर. अक्कलकोटकडचा शरणबसव अभ्यासिकेत आला तेव्हा त्याला चारशे मीटर पळाल्यावर धाप लागायची. मल्हारनं त्याला रोज पहाटे होम मैदानावर नेऊन पळायला शिकवलं, गोळा टाकायला शिकवला. परीक्षेच्या दिवशी पोरगं आलं, 'अण्णा' म्हणून वाकलं, आणि पायांऐवजी मल्हारच्या खिशाला हात लावून नमस्कार करून गेलं. पहिल्या झटक्यात लागलं. पेढे द्यायला आलं तेव्हाही आधी खिशाला नमस्कार. मल्हारनं पेढा खाल्ला. पेढ्याचा काय दोष.

मग मल्हारला तेहतिसावं लागलं. त्याच्या प्रवर्गाला हीच शेवटची सीमा. ही भरती गेली की अर्जातला जन्मतारखेचा रकानाच त्याला बाहेर काढणार होता. मैदानात त्यानं जीव खाऊन पन्नासपैकी सेहेचाळीस गुण काढले. अकरा वर्षांत एवढे कधी पडले नव्हते. आता फक्त लेखी.

लेखीचं केंद्र एका कॉलेजात होतं. फाटकावर झडती चालू होती, आणि हातात धातू शोधायचं यंत्र घेऊन उभा होता शरणबसव. खाकी, कडक इस्त्री, छातीवर नावाची पट्टी. मल्हारच्या मांडीजवळ यंत्र आलं आणि टुंई करून ओरडलं.

शरणबसवनं आवाज खाली आणला. "अण्णा, तोच का?"

"तोच."

"वर क्यामेरा आहे हो अण्णा. नाहीतर मी तुम्हाला अडवलं असतं का? द्या, माझ्या खिशात ठेवतो. पेपर झाला की इथंच घ्या."

मल्हारनं त्या खिशाकडे पाहिलं. खाकी कापड, चकचकीत बटण. त्याचा रुपया अकरा वर्षं असल्याच खिशात जायचं बघत होता. फक्त त्या खिशामागं छाती दुसऱ्याची होती. शिवाय आईनं सांगितलेलं होतंच, की दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं, की ह्यानं नुसता हात लावला तर लागला, खिशात घातला तर फौजदार होईल.

"नको. भाईर ठिवून येतो," असं म्हणून तो रांगेतून निघाला, रस्त्याकडेच्या टेंपोमागं गेला आणि रुपया तोंडात टाकला. पुन्हा झडती झाली. यंत्र खांद्यावरून, कमरेवरून, बुटांवरून फिरलं. दातांवरून फिरवायची पद्धत नाही. शरणबसव म्हणाला, "जावा अण्णा. या वेळी होतंय बघा."

पेपर सुरू झाला. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. दहा मिनिटांनी पर्यवेक्षक मॅडम ओळखपत्र बघत, सह्या घेत त्याच्या बाकाशी आल्या. नाव विचारलं.

"मल्लाल."

"काय?"

"मल्लाल लुपनवल."

मागच्या बाकावरची पोरं खिदळली. मॅडमनी मान वाकडी करून त्याच्या गालाकडे पाहिलं. फुगलेल्या गालाचा सोलापुरात एकच अर्थ होतो.

"पोलीस व्हायचंय आणि तोंडात मावा? आधी थुंकून या. चूळ भरून या."

मल्हारनं मान हलवली. मॅडमनी दाराकडे बोट केलं. आता त्याच्यापुढं दोनच रस्ते होते. तोंड उघडून रुपया दाखवावा, तर मनाई असलेली वस्तू लपवून आणली म्हणून पेपर तिथंच संपला असता. नाहीतर कधीही न खाल्लेला मावा थुंकून यावा. तो उठला. सोबत एक हवालदार दिला. पहिल्या नळाला पाणी नव्हतं. दुसरा नळ मैदानाच्या टोकाला. हवालदार समोर उभा राहून बघतोय म्हटल्यावर मल्हारनं रुपया जिभेखाली दाबला, पाणी घेतलं आणि थुंकला. अकरा वर्षांचा भंडारा पाण्यासोबत पिवळाजर्द बाहेर पडला. हवालदार कौतुकानं म्हणाला, "लई खाता की हो."

परत बाकावर येईपर्यंत बारा मिनिटं गेली होती. घंटा झाली तेव्हा नऊ प्रश्नांची वर्तुळं कोरी होती. त्यातला एक होता, उजनी धरण कोणत्या नदीवर आहे. अकरा वर्षं मल्हार त्याच नदीचं पाणी पीत होता, तेही चार-पाच दिवसांआड, नळाला येईल तेव्हा. त्यानं वर्तुळाकडे पेन नेलं आणि मॅडमनी कागद ओढून घेतला.

यादी लागली. एक गुण कमी पडला.

त्यानं सिद्धलिंगप्पांच्या हातात माडीची किल्ली दिली. आप्पांनी ती गल्ल्यात टाकली. दोन नॅपकिन कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातले आणि गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाइकाकडे वळले.

मल्हार वस्तीवर पोचला तेव्हा केराबाई मेंढरांना पाणी पाजत होती. चार वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हापासून चाळीस मेंढरं ती एकटीच बघायची. बापाच्या दहाव्यानंतर मल्हार पिशवी भरायला लागला तेव्हाही तिनं राहा म्हटलं नव्हतं. म्हणाली होती, तुज्या मनात हाय तर जा. आता तिनं पिशवी बघितली, पिशवीचा आकार बघितला, आणि भाकरी थापायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून ती त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली.

"आन तो रुपया."

"कशाला?"

"नवस फिटला की."

मल्हारला वाटलं, आईला नीट कळलेलं नाही. त्यानं सावकाश सांगितलं, की यादीत नाव नाही, वय संपलं, आता पुन्हा बसता येत नाही.

"ते कळलं रं. म्हंजी आता परत जायाचं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मग फिटला की."

मग तिनं सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती. तिचा धाकटा भाऊ गुंडा असाच तरणाताठा सोलापूरला गेला. गिरणीत लागला. पहिल्या वर्षी दोनदा आला, दुसऱ्या वर्षी एकदा, पुढं निरोप यायचे, पुढं निरोपही थांबले. गिरणी बंद पडली तरी गुंडा आला नाही. मेला हे सहा महिन्यांनी कळलं. म्हणून मल्हार निघाला तेव्हा तिनं बिरोबाला एवढंच म्हटलं होतं, की माझं लेकरू तिथं रुतू देऊ नको, धडधाकट माघारी आण.

तिनं हे इतक्या आनंदानं सांगितलं की मल्हारला ओरडायलाही जागा सापडेना. अकरा वर्षं तो चोरखिसा शिवून ज्याला सोबत पळवत होता, तो रुपया इमानानं आपलं काम करत होता. गोळा दोन इंचांनी ओढत होता, पाय मुरगाळत होता. शेवटी काही जमेना तेव्हा तोंडात जाऊन बसला.

"आन मी पोलीस झालो असतो तर?" त्यानं विचारलं.

केराबाईनं थोडा विचार केला. "तर रुपया तुज्याच खिशात ऱ्हायला असता की."

त्यानं रुपया तिच्या हातावर ठेवला. आता तो पांढरा दिसत होता.

रविवारी केराबाईनं नवस फेडायचा म्हणून बोकड कापलं आणि सगळ्या वस्तीला जेवायला बोलावलं. इथं वस्तीनं तीच चूक केली जी मल्हारनं अकरा वर्षं केली होती. केराचा नवस फिटला म्हणजे पोरगं पोलिसात लागलं, यात कुणाला शंका वाटेना. पुढारी बापूसाहेबांना तर मुळीच नाही. सकाळी फाट्यावर त्यांनी दहा फुटी फ्लेक्स लावला. 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' छापणाऱ्यानं कुणा भलत्याच पोलिसाच्या धडावर मल्हारचं मुंडकं चिकटवलं होतं. खाकी, कडक इस्त्री, चकचकीत बटणं. मापात अगदी बरोबर बसली होती.

माणसं येत होती, हात हातात घेऊन विचारत होती, पोस्टिंग कुटं? पहिल्या सात जणांना मल्हारनं खरं सांगितलं. ते आधी फ्लेक्सकडे बघायचे, मग पंगतीकडे. आठव्याला तो म्हणाला, "सोलापूरलाच," आणि माणूस खूश होऊन जेवायला बसला. केराबाई मात्र विचारील त्याला सांगत होती, पोरगं आलं माजं, पोरगं आलं. लोकांनी त्याचाही हवा तो अर्थ घेतला.

संध्याकाळपर्यंत बापूसाहेबांच्या कानावर गेलंच. ते मल्हारला बाजूला घेऊन म्हणाले, "आरं, आधी सांगायचं न्हाय व्हय? हारबी घातला की तुला." हार परत मागितला नाही, हे मल्हारनं त्यांच्या मोठेपणात जमा केलं.

फ्लेक्स वाया जात नसतो. केराबाईनं तो फाट्यावरून सोडवून आणला आणि कोकरांच्या वाड्यावर उन्हाला आडोसा म्हणून ताणून बांधला. चेहरा आतल्या बाजूला आला. दुपारी मेंढरं सावलीला बसली की मल्हार कोकरांत आडवा होतो आणि वर त्याला खाकीतला मल्हार दिसतो. एका शेळीनं कोपरा खाऊन 'अभिनंदन'मधला न संपवलाय. बाकी सगळं शाबूत आहे.

उठताना अजून त्याचा हात खिशाकडे जातो. चाचपतो, दचकतो, मग आठवतं. परवा केराबाईनं ते बघितलं. म्हणाली, चुकल्यासारखं वाटत असेल तर दुसरा बांधून देते. आता तिला त्याच्या लग्नाचं बघायचं होतं, निदान मल्हारला तसं वाटलं. ती घरात गेली, डब्यातून नवा रुपया काढला, त्याला भंडारा फासला, आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागली.

मल्हारनं तिचं मनगट धरलं.

"आई," तो म्हणाला, "ह्या बारीला मोठ्यानं बोल."