लिफ्टच्या छपरावरची उमेदवारी

काम मिळालं तेव्हा मला आनंदाच्या आधी भीती वाटली. काम लिफ्ट दुरुस्तीचं होतं आणि तोवर मी लिफ्टमध्ये एकदाही चढले नव्हते.

विदर्भातल्या आमच्या गावाजवळ आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून मी खडकीला मावशीकडे आले होते. मावशीचे यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, राहायला तिथलंच क्वार्टर. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या. पण त्यांना हवी असलेली मुलं इंग्रजी बोलणारी होती. माझ्यासारखीला गेटवरचा वॉचमनच परत पाठवायचा. बरेच महिने असेच गेले. गावाहून आईचा निरोप यायचा, काही जमत नसेल तर परत ये, स्थळं बघू. शेजारी फोन वाजला की मी भांडी घासायला बसायचे.

मग कुणीतरी त्या केंद्राचं सांगितलं. पेठेतल्या एका शाळेच्या मागच्या खोल्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका बेकार मुलामुलींना शिकाऊ उमेदवार म्हणून ठिकठिकाणी लावून देत. सगळे त्यांना बाईच म्हणत. माझं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "लिफ्टवाल्यांना वायरमन हवाय. मुलगी चालेल का, म्हणून ते घुटमळत होते. मी म्हटलं, लिफ्टला विचारून बघा, तिची हरकत नसावी."

"बाई, मला उंचीची भीती वाटते."

"मग तळमजल्यावरची लिफ्ट शोधून देऊ का? सोमवारी जा."

मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते मेकॅनिक काका वयाने माझ्या वडिलांएवढे होते. कमी बोलायचे, पण शिकवायचे नीट. लिफ्टचं काम आत उभं राहून होत नाही, तिच्या छपरावर उभं राहून होतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मजल्यावरचं दार किल्लीने उघडायचं, समोर काळी विहीर, आणि त्या विहिरीत लोंबकळणाऱ्या डब्याच्या टपावर पाय टाकायचा. टपावर एक लाल बटण असतं. ते दाबलं की लिफ्ट जागची हलत नाही, ओढून वर केलं की पुन्हा चालते. "आधी बटण, मग पाय," काका सांगायचे. मी बटण दाबायचे, दाबलंय ना ते पुन्हा बघायचे, आणि तरीही पाय टाकताना डोळे मिटून घ्यायचे. घरी मात्र सांगायचे, मजेत चाललंय.

असे काही महिने गेले. हिंजवडीच्या एका नव्या इमारतीत काम चालू होतं. कंपनीचे लोक दुसऱ्या दिवशी लिफ्ट ताब्यात घ्यायला येणार होते, म्हणून सगळ्यांचीच धावपळ. आम्ही दोघं सहाव्या मजल्यावरून टपावर उतरलो होतो. मी पलीकडच्या कोपऱ्यात वाकून एक सैल झालेली वायर आवळत होते. बाहेर फरशी कापायचं मशीन कर्कश ओरडत होतं. काकांनी मला काहीतरी म्हटलं असेल. मला ऐकू आलं नाही. मी मान वर केली तेव्हा काका टपावर नव्हते, आणि त्यांच्या मागे दार आपोआप सरकून बंद होत होतं.

मला वाटलं, येतील. हातातलं काम मी पुरं करायला घेतलं.

आणि पायाखालचा टप हलला.

तो वर जात होता. भिंत माझ्या डोळ्यांसमोरून खाली सरकत होती. वर छताचं काँक्रीट जवळ येताना दिसलं आणि मी गुडघ्यांवर कोसळले. ओरडले की नाही ते आठवत नाही. आठवतो तो फक्त ग्रीसचा वास, आणि बटण कुठल्या बाजूला आहे हेच डोक्यातून पुसलं गेलेलं. हात चाचपडत फिरला, लागला, आणि मी सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर टाकला. धक्का बसून लिफ्ट थांबली. उभी राहिले असते तर डोकं छताला लागलं असतं.

छताच्या वरच मोटरची खोली होती. दोर जिथून वर जातात त्या भोकांतून काकांचा आवाज आला, "बंद का पडली ही?"

"काका, मी आत आहे!"

वर हत्यार पडल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "हलू नकोस पोरी. मी आलो." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी सातव्या मजल्याचं दार उघडून मला खांद्याला धरून बाहेर ओढलं. बटणावरची माझी बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

घरी मावशीला सगळं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुह्या मायले सांगू नोको. उद्याच येऊन नेईल तुले."

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेले, काम सोडते म्हणून सांगायला. बाईंना आधीच फोन आला होता. मेकॅनिकने सांगूनही मुलगी टपावरून बाहेर आली नाही, मुलींना हे जमत नाही, दुसरं कुणी पाठवा, असं लिफ्ट कंपनीच्या साहेबांचं म्हणणं होतं.

"तू बाहेर आली नाहीस?" बाईंनी विचारलं.

"मला ऐकूच आलं नाही. आणि बटण दाबलेलं होतं, बाई. पाय टाकण्याआधी मीच दाबलं होतं."

"मग ते वर कसं आलं?" बाईंनी पर्स उचलली. "चल. सोडायचं असेल तर सोड, पण हे तिथे सांगून सोड."

टपावर वाटली त्यापेक्षा जास्त भीती मला साहेबांच्या केबिनमध्ये वाटली. काका भिंतीशी उभे होते. मी खरं बोलले तर त्यांची नोकरी जाईल, नाही बोलले तर माझ्यासारखी दुसरी कुणी तिथे पुन्हा उभी राहणार नाही. मी एवढंच म्हणाले, "साहेब, बटण मी दाबलं होतं. ते वर कुणी केलं ते मी पाहिलं नाही."

साहेब बोलायला लागले तेवढ्यात काका म्हणाले, "मी वर केलं. बाहेर ये म्हणालो आणि गेलो. ती आली का ते मागे वळून बघितलं नाही. काल खोटं बोललो."

त्यांची नोकरी गेली नाही, पण त्यांना गोदामात बसवलं. माझ्याकडे न बघताच ते बाहेर पडले. मला रडू आलं. बाई जिन्यात म्हणाल्या, "आता काय करतेस?" तिथून स्टँडवर जाऊन गावची गाडी धरावी असं खरंच वाटत होतं. पण गावी जायची भीतीही काही कमी नव्हती.

सोमवारी मी कामावर गेले. नवा मेकॅनिक माझ्याहून थोडाच मोठा होता. आधी त्याने मला बटण दाखवलं आणि स्वतःच्या हाताने दाबायला लावलं. तरी माझा पाय उंबऱ्यापुढे जाईना. तो खाली जाऊन चहा पिऊन आला. मी तिथेच उभी होते. तो टपावर उतरला आणि एका बाजूला सरकून जागा करून दिली. मी उतरले. दोन्ही हातांनी दोर धरायला गेले आणि स्क्रूड्रायव्हर निसटून फटीतून खाली गेला. बऱ्याच वेळाने तळातून त्याचा आवाज आला.

"राहू दे," तो म्हणाला, "माझा घे."