चेहऱ्यातली पिवळी नस

डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर माझ्या एक गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून मी केसांची बट तिच्यावर ओढून घ्यायची आणि शाळेत जायची. जळगावात मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. पण गाठ लिंबाएवढी झाली, बटेत मावेना, तेव्हा नवऱ्याने गाडी काढली. मान आणि चेहऱ्याच्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या एक डॉक्टर धुळ्याला आहेत असं कळलं होतं.

डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. सुईची तपासणी झाली, एमआरआय झाला. गाठ लाळेच्या ग्रंथीतली, साधी निघाली. नवऱ्याने हुश्श केलं.

"मग भ्यायचं कारण नाही ना?" मी विचारलं.

"गाठीचं नाही, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "जपायचं आहे ते तिच्या शेजारच्या नसेला."

त्यांनी मागच्या कपाटातून दोन जाडजूड पुस्तकं काढली. एक शस्त्रक्रियेचं, रंगीत चित्रांचं. दुसरं क्ष-किरण आणि एमआरआयच्या फिल्मांचं. चित्रातल्या बाईच्या गालाची कातडी बाजूला केलेली होती आणि कानाखालून एक पिवळी नस निघून कपाळ, डोळा, गाल, ओठ, हनुवटी अशी फुटत गेली होती. डोळा मिटणं, हसणं, घोट तोंडात धरणं, सगळं तिच्याच जिवावर.

"माझ्या फिल्ममध्ये ती कुठे आहे?"

"दिसत नाही. शेजारच्या रक्तवाहिनीवरून अंदाज बांधायचा. खरी भेट ऑपरेशनच्या टेबलावरच."

माझे प्रश्न संपेनात. बाहेर पेशंट खोळंबले होते. शेवटी त्यांनी दोन्ही पुस्तकं माझ्यापुढे सरकवली. "तुम्हाला इंग्रजी येतं. घरी न्या, वाचा. भरती व्हायला याल तेव्हा परत आणा. वाचून ऑपरेशन नको वाटलं तर तसंही सांगा."

परतताना पारोळ्याला नवऱ्याने चहासाठी गाडी थांबवली. मग म्हणाला, "हे वाचून उगाच घाबरशील."

घाबरलेच. वैद्यकातले शब्द डिक्शनरीत बघून समजत होते. त्रास दिला तो साध्या शब्दांनी. नस तात्पुरती मलूल होते, ती बहुधा पूर्ववत होते, क्वचित होत नाही. हे ‘बहुधा’ आणि ‘क्वचित’ मी वर्षानुवर्षं मुलींना वाक्यांत वापरायला लावले होते. आता त्या ‘क्वचित’मध्ये मी असले तर, हा विचार भाजी चिरतानासुद्धा पाठ सोडेना. मग उठायचं, फिल्म गॅलरीच्या उजेडात धरायची आणि दुसऱ्या पुस्तकातल्या फिल्मशी ताडून बघायची. हा जबडा, ही दाढ, हा मणका. त्या काळ्या-पांढऱ्या पानांनी का कोण जाणे, जरा धीर यायचा. माझ्यासारखी गाठ आणखी कुणाला तरी झाली होती, कुणीतरी ती नीट बघून ठेवली होती.

सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, साक्रीकडच्या खेड्यातल्या. आमच्याकडे राहून वर्षं झाली तरी बोलणं अहिराणीच. एका दुपारी पुस्तक टेबलावर उघडं राहिलं आणि त्या चष्मा लावून चित्रापुढे बसल्या.

"हाई बाई जित्ती शे का मरेल?"

"चित्र आहे अक्का. खरी बाई नाही."

"मंग इतली शांत कशी शे?" त्यांनी चित्रातल्या गालावर बोट ठेवलं. "तुनी गाठ कोठे?"

मी दाखवली. पिवळ्या फांद्यांवरून त्यांचं बोट हळूहळू ओठापर्यंत गेलं. "इतला बारीक दोरा शेतस, अन् देवनी बठ्ठं हसनं त्यासवर टांगी ठेयं?" सगळं हसणं त्या दोऱ्यांवर टांगलेलं बघून त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांच्या हातात मला पहिल्यांदा रडू आलं. रडून झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, ऑपरेशन करून घेऊ.

भरती झाले तेव्हा पुस्तकं परत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेत असताना डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडं होतं. माझी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावलेली, समोर तेच रंगीत पान, आणि त्या उभ्यानेच वाचत होत्या. नवरा चपापला. "डॉक्टर, अजून पुस्तक बघताय?"

त्या हसल्या. "प्रत्येक वेळी बघते. पाठ आहे म्हणून बघायचं सोडलं, की चूक होते."

नवऱ्याचं समाधान झालं की नाही, ठाऊक नाही. माझं झालं. तोच धडा कितव्यांदा शिकवायचा असला तरी मी वर्गाआधी वाचून जाते.

गाठ पूर्ण निघाली, नस अखंड राहिली. पण शुद्धीवर आल्यावर डावा डोळा मिटेना आणि हसू एकाच बाजूला गेलं. "नस रुसली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "येईल. वेळ लागेल." वाचलेलं असल्यामुळे मी कोसळले नाही, एवढंच. चहा ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडायचा. झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. शाळेतून रजा वाढवून घेतली. घरी कुणी आलं की मी आतल्या खोलीत जायची.

व्यायाम दिला होता: गाल फुगवायचे, शीळ घालायची, डोळे घट्ट मिटायचे. आरशापुढे एकटीने करताना माझंच तोंड मला बघवेना. तेव्हा अक्का समोर येऊन बसू लागल्या. मी गाल फुगवले की त्याही फुगवायच्या. शीळ मला जमत नव्हती आणि दात नसल्यामुळे त्यांनाही. दोघींची नुसतीच हवा. नवरा दारातून बघून हसायचा, मग आम्हीही, मी अर्ध्या तोंडाने आणि अक्का पूर्ण.

महिने गेले. एका सकाळी न्हाताना शिकेकाईचं पाणी कपाळावरून ओघळलं आणि डोळा चुरचुरला नाही. मी हात लावून बघितलं. पापणी आपली आपण मिटली होती. तशीच ओल्या केसांनी बाहेर आले आणि म्हटलं, "अक्का, बघा." त्यांनी पापणीवर हलकेच फुंकर मारली, ती घट्ट मिटलेली बघितली आणि स्वयंपाकघरात जाऊन शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.

जूनमध्ये मी वर्गावर परत गेले. हसू आता जवळजवळ सरळ आहे. फार दमले की डावा ओठ किंचित मागे राहतो. कानाच्या पाळीची नस वेगळी; ती पाळी मात्र ऑपरेशनमध्ये बधिर झाली ती झालीच. रिंग घालताना भोक हाताला सापडत नाही, आरशात बघावं लागतं.