सुमनच्या बंबातलं पाणी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि त्या दिवसांत ते त्याच गॅसवरचं जेवत होते. आता सांगतानाही तोंड कडू होतंय, पण सांगते.

आखातात युद्ध पेटलं, तो हिवाळा. वाईत गॅसची गाडी येईना, रॉकेलच्या रांगा गल्लीबाहेर गेलेल्या. आमच्या मागच्या दोन खोल्यांत सुमन भाड्याने राहायची. कवठे महांकाळकडची पोर, नवरा मिलिटरीत, माहेरी आई नाही. म्हणून पहिलं बाळंतपणही इथेच. दवाखान्यात जाताना रिकामी टाकी आणि पैसे माझ्याकडे ठेवून गेली. "काकू, गाडी आली तर तेवढी टाकी घ्या. बाळाला न्हाऊ घालायला लागंल."

गाडी आली. नंबर तिचा होता, माझा नव्हता.

मी टाकी घेतली — आणि आमच्या स्वयंपाकघरात लावली. माझी रिकामी टाकी तिच्या दारात नेऊन ठेवली. घाईगडबडीत झालं का? नाही हो. चांगला विचार करून केलं. आमच्या स्वयंपाकघरात कडक सोवळं. सुमनने तर उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकायचं नाही. चोराला याहून सुरक्षित जागा कुठली? किळस येते मला त्या सोवळ्याची — आणि ते नेसून देवाला नैवेद्य दाखवणाऱ्या बाईची.

ती मुलीला घेऊन घरी आली तेव्हा मी म्हणाले, गाडी आलीच नाही गं, आमचाही गॅस संपलाय. वर तिचे पैसे परत केले. काय तो प्रामाणिकपणाचा आव!

इथवर नुसती चोरी होती. पुढचं सांगायला जास्त जड जातं.

सुमनने अंगणात बंब पेटवला. लाकडं ओली, धुराने तिचे डोळे सुजायचे. पहिल्याच सकाळी ती वाफाळती बादली घेऊन आमच्या मागच्या दारात उभी. "आवं काकू, तुमच्यात बी गॅस न्हाई. काकांनी ह्या थंडीत गार पान्यानं कशी आंगूळ करायची? घ्या." ओली बाळंतीण ती — आणि बादली उचलून मला आणून देत होती.

नको म्हणता आलं नसतं का? खोटं उघडं पडेल म्हणून घेतली, असं मी मनाला कितीदा बजावलं. ते खरं नाही. गरम पाणी आयतं मिळत होतं आणि गॅस वाचत होता — म्हणून घेतली. रोज घेतली.

एकदा मुलगी फार रडत होती. मी सहज विचारलं, न्हाऊ घातलंस का?

"आज न्हाई, काकू. लाकडं लय कमी हायत. एक दिसाआड घालते, मधी नुसतं पुसून घेते." हसून सांगत होती, माझीच समजूत काढल्यासारखी. मुलीच्या मानेच्या वळीत दूध साचून कातडी लाल झाली होती. मी पाहिलं. वाकून, नीट पाहिलं.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मी टाकी बाहेर काढली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारात बादली आली. मी बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "आज जरा कोमटच आहे गं."