रिकामा रकाना

डेअरीत तिला सगळे काडीबाई म्हणत. तिच्या पाठीमागे म्हणत, पण तिला माहीत होतं. टोकाला कापूस असलेली निर्जंतुक काडी घेऊन ती दिवसभर कारखान्यात फिरायची. कधी तोटीत काडी, कधी झडपेच्या खाचेत, कधी जमिनीवरच्या जाळीत. मग ती काडी नळीत बंद करून प्रयोगशाळेत न्यायची आणि तिथे काय उगवतं त्याची वाट पाहायची. नावात टोमणाही होताच. चाललेल्या कामात काड्या घालणारी बाई! बावीस वर्षं हे ऐकून तिचे कान किटले होते; काम मात्र सुटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एकतीस डेअऱ्यांनी मिळून एक सामाईक माहितीसाठा सुरू केला. प्रत्येकीने आपल्या तपासण्यांचे आकडे त्यात भरायचे. नावं गुप्त, फक्त क्रमांक. दर तीन महिन्यांनी आलेख निघणार आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे आहोत ते कळणार. काडीबाईला कोण आनंद झाला होता! आपल्याला आलेली अडचण दुसऱ्या एखाद्या डेअरीला आधी आली असेल, तिने ती सोडवली असेल, तर आपण चाचपडत का बसायचं? तिने पहिल्या दिवसापासून खरे आकडे भरले. चांगले तेही, लाजिरवाणे तेही.

त्यांच्या डेअरीचा क्रमांक चौदा. पहिल्या आलेखात चौदा नंबर तळाला होता. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यातही.

"वर्गात एकच मुलगा कॉपी करत नसेल ना," तिचा नवरा म्हणाला, तो शाळेत गणित शिकवायचा, "तर सगळ्यात ढ तोच ठरतो."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

मग पिशव्या भरायच्या यंत्राच्या तोंडाशी तो जंतू सापडला. हा जंतू महावस्ताद. दूध तापवलं की मरतो, पण तापवल्यानंतरच्या वाटेवर कुठे ओल मिळाली की ठाण मांडतो, आणि फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो. धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही. गरोदर बाईच्या मात्र पोटातल्या बाळावर बेततं. यंत्र धुतलं, पुन्हा काडी फिरवली. पुन्हा सापडला. तीनदा धुतलं, तीनदा सापडला.

"यंत्र बंद ठेवा," ती मॅनेजरसाहेबांना म्हणाली. "मूळ कुठेतरी आत आहे. सगळं उघडून बघायला हवं."

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा, बाई. एकतीस डेअऱ्या. वर्षभरात हा जंतू किती जणांना सापडला? एकाला. कुणाला? आपल्याला. आता मला सांगा, तो यंत्रात आहे की तुमच्या प्रयोगशाळेत?"

ती पडद्याकडे नीट पाहत राहिली. तीस डेअऱ्यांपुढे शून्य. ओळीने, एकसारखं शून्य. इतकं स्वच्छ जग तिने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिने माहितीसाठा सांभाळणाऱ्या कार्यालयात फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सौम्य होते.

"रकाना रिकामा ठेवला की आपोआप शून्य पडतं, बाई."

"म्हणजे ज्यांनी तपासलंच नाही, त्यांचंही शून्य?"

"हो."

"अहो, न शोधणं आणि न सापडणं एकच कसं?"

"यंत्रणेला फरक कळत नाही."

"तुम्हाला तर कळतो ना?"

"मला कळून काय उपयोग? रकाना एकच आहे."

तिने फोन ठेवला आणि प्रयोगशाळेतली रिकामी खुर्ची एकदा जोरात सरकवली. दुसरं काय करणार?

पुढच्या आठवड्यात सगळ्या डेअऱ्यांच्या तपासनिसांची वार्षिक बैठक होती. प्रश्नोत्तरांच्या वेळी काडीबाई उभी राहिली. "भरण्याच्या यंत्रावर हा जंतू कुणाला सापडलाय का? नाव नको, नुसता हात वर करा." हात एकही नाही. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय घेतला.

नंतर हात धुवायच्या जागी बसक्या आवाजाची एक बाई तिच्या शेजारच्या नळावर आली. दारात कुणी नाही ना, ते तिने आधी पाहिलं.

"आमच्याकडे चारदा सापडला," ती आरशात बघूनच म्हणाली. "तोटीत शोधू नका. तिच्या मागे दुसरी झडप आहे ना, तिच्यातली रबराची कडी काढा. बाहेरून नवी दिसते, आतून तडकलेली असते. तिथे दडून बसतो."

"मग तुम्ही भरलं का नाही? आम्ही सहा आठवडे डोकं आपटतोय!"

"भरलं तर आमचे साहेब मला घरी बसवतील." तिने हात पुसले. "माझ्या वहीत आहे सगळं. खोटं नाही लिहिलेलं मी. फक्त तिथे लिहिलं नाही."

काडीबाईला तिचा राग यावा की तिला मिठी मारावी ते कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. नुसतं "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना न विचारता फिटरमामांना बोलावलं. मामा निवृत्तीला आलेले, त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. त्यांनी झडप उघडून कडी बोटांवर ताणली. आत बारीक भेग, आणि भेगेत पिवळट साय.

"घ्या! चोर घरातच," मामा म्हणाले.

कड्या बदलल्या. पुढच्या सगळ्या काड्या स्वच्छ निघाल्या. काडीबाईने कारण, उपाय, कडीचा प्रकार, सगळं माहितीसाठ्याच्या शेरा-रकान्यात सविस्तर लिहिलं. आठवड्याने तिला कळलं की शेरे फक्त कार्यालयाला दिसतात. इतर डेअऱ्यांना नाही.

तेव्हा तिने बैठकीच्या हजेरीपत्रकावरचे फोन नंबर काढले आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन लावायला बसली. पाच दिवस लागले. काहींनी "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणून फोन ठेवला. एकाने तिला तुम्ही कुठल्या कंपनीच्या कड्या विकता असं विचारलं. सात जणांनी मात्र मुकाट्याने ऐकून घेतलं, आणि त्यातल्या तिघांनी नंतर फोन करून सांगितलं की झडप उघडली, कडी तडकलेलीच होती. तिघांनीही बजावलं, "हे आपल्यातच राहू द्या."

तिमाहीचा आलेख आला. चौदा नंबर तळाला. शेजारी लाल अक्षरांत 'सुधारणा आवश्यक'.

साहेबांनी तिला बोलावलं. "तुमच्यावर कामाचा फार ताण पडतोय. आकडे आता माझ्या टेबलावरून जातील. तुम्ही नुसत्या तपासण्या बघा."

पुढच्या आलेखात चौदा नंबर नवव्या जागेवर आला. डेअरीत त्या तीन महिन्यांत एक खिळाही हलला नव्हता. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. तिने कप घेतला, दोन घोट घेतले आणि उरलेला तसाच टेबलावर ठेवून दिला.

किती नमुने तपासले याचा एक वेगळा रकाना द्यावा, असा अर्ज तिने कार्यालयाकडे केला आहे. उत्तर आलं, 'विचाराधीन'. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा 'विचाराधीन'. गेल्या सोमवारी तिसरा अर्ज गेला. या वेळी तिने खाली एक ओळ हाताने लिहिली: कृपया निदान हा अर्ज तरी रिकामा धरू नये.