कानाने आकडे तपासणाऱ्या वेणूबाई

पनवेलच्या नोंदणी कार्यालयासमोर, भगवान वकिलांच्या खोलीत वेणूबाई सव्वीस वर्षं खरेदीखतं टाइप करत होत्या. नजर मसुद्यावर ठेवायची आणि आकडे कानाने तपासायचे, ही त्यांची रीत. एकशे चौदा म्हणजे तीन टक. दोनच ऐकू आले की हात आपोआप थांबायचा.

२०१४ साली वकिलांनी टाइपरायटर काढून कुणाचा तरी वापरलेला संगणक आणला. त्याच्या कीबोर्डाची वेणूबाईंना पहिल्या दिवसापासून शिसारी. कळांखाली रबर. दाबलं की ओल्या पावात बोट रुतल्यासारखं व्हायचं. अक्षर उमटलं का, ते ना बोटाला कळे ना कानाला. फटींत फरसाणाचा चुरा, वर तेलकट थर. जेवायला बसण्याआधी त्या दोनदा साबण लावत.

त्या कीबोर्डावर सर्व्हे नंबर ११४ चा १४ झाला. द्रोणागिरीहून आलेल्या पक्षकारांना खत न नोंदवताच परतावं लागलं.

"पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल, वेणूबाई," वकील म्हणाले.

त्याच दुपारी त्या नोमानच्या दुकानात गेल्या. तो संगणक दुरुस्त करी आणि गेम खेळणाऱ्यांसाठी महागडे कीबोर्ड ठेवी.

"ताई, यात रबर नाही. प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच. हा लाल स्विचचा घ्या, खेळणाऱ्यांचा लाडका. स्पर्श झाला की गोळी सुटलीच!"

वेणूबाईंनी सवयीप्रमाणे बोटं कळांवर टेकवली. टाइपरायटरवर मुरलेला जड हात तो. पडद्यावर अक्षरांची रांगच लागली.

"शी! शेवाळावरून पाय घसरल्यागत हाय. मला गोल्या नाय झाडायच्या रे."

"मग हा तपकिरी. मध्ये हलकासा अडथळा लागेल."

"भातात खडा लागतो तसा लागतोय. पन बोलत नाय काय."

नोमान हसला. "बोलणारा पायजे तर निळा. पण फार बडबड्या आहे हं. घरचे लोक परत आणून देतात."

वेणूबाईंनी डोळे मिटून ११४ दाबलं. टक, टक, टक. अर्ध्या वाटेवर बोटाला खटका पडल्याचं कळलं, त्याच क्षणी कानालाही.

दुसऱ्या दिवशी निळा सुरू झाला आणि तासाभरात वकिलांनी फोन खाली ठेवला. "हे बंद करा! समोरचा काय बोलतो, ऐकू येत नाही."

"मग मुकाच ठेवा," वेणूबाई उठत म्हणाल्या, "आनि आकडे तुमी टाका. त्या चिकट लोद्यात मी परत बोट घालनार नाय."

वकिलांनी रबरी कीबोर्ड ओढून सर्व्हे नंबर टाकून पाहिला. चौदा उमटलं. पुन्हा दाबलं, या वेळी अकराशे चौदा. त्यांनी बोटं रुमालाला पुसली, तोंड वाकडं केलं, आणि फोन उचलून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.